मेंदू, बुद्धिमापन आणि मागे पडणारे मूल

इ. स. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना निराळी मदत द्यावी, एवढाच तिचा हेतू. पण परक्या भाषेतील प्रश्नाला मूल अडले, तर दोष बुद्धीचा की भाषेचा? व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर प्रसिद्ध केले. ‘बिने-कामत’ चाचणी आजही वापरात आहे. घरात उर्दू आणि शाळेत मराठी असलेल्या आपल्या पालकांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

मूल कोठे अडते, ते चाचणीत दिसते. का अडते, यासाठी मेंदूच्या वाढीकडे वळावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ भरला, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२. म्हणजे सरासरीने ही मुले मंदबुद्धी नव्हती, तरी गणितात अडखळत होती. ज्याला आपण आळस म्हणून छडी उगारतो, त्याचे मूळ असे पाळण्याच्याही आधी असू शकते!

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांनी लहानपणीच्या ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम उंदरांवर अभ्यासला. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. प्रयोगशाळा आणि दवाखाना यांची सांगड पाहायची तर बंगळूरची ‘निमहान्स’ ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था पाहावी.

महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत. त्यासाठी तपासणी व दाखला लागतो. नाशिक-मुंबईची एस. टी. धरण्यापूर्वीच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरे मागे सरतात. पुढे मूल शाळा सोडते आणि कांद्याच्या चाळीत कामाला लागते. हे देवळ्यातही घडू शकते.

चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसशास्त्राच्या पदवीला बारावी कला शाखेचे विद्यार्थीही जाऊ शकतात. मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत बोलू शकणारी आपली एखादी मुलगी त्या खुर्चीवर बसली, तर कामतांनी सुरू केलेले काम पुढे जाईल.