फ्रँकेनस्टाइन नेमका कोण?

आपणच घडवलेली गोष्ट आपल्यावर उलटली की आपण तिला भस्मासुर म्हणतो. इंग्रजीत अशा वेळी फ्रँकेनस्टाइनचं नाव घेतात. पण ते राक्षसाचं नाव नव्हेच! राक्षस घडवणाऱ्या माणसाचं ते नाव. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीतला हा तरुण शास्त्रज्ञ. राक्षस बिचारा निनावीच राहिला.

ही गल्लत जुनी आहे. जगभर पसरली मात्र बोलपटामुळे. १९३१ साल. अमेरिकेत मंदीचा कहर होता. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीची सूत्रं मालकाच्या तरुण मुलाकडे होती. धाकटे कार्ल लेम्ले, वय अवघं बावीस-तेवीस. वडिलांना भुताखेतांच्या चित्रांची गोडी नव्हती. मुलानं धाडस केलं. फेब्रुवारीत 'ड्रॅक्युला' आला, लोकांनी गर्दी केली. नोव्हेंबरात 'फ्रँकेनस्टाइन' झळकला. पुढं 'ममी', १९४१ साली 'वुल्फ मॅन', अशी रांगच लागली.

राक्षसाचं काम केलं बोरिस कार्लॉफ यांनी. वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका करणारा हा नट. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज काही तास खपून तो सपाट माथ्याचा चेहरा उभा करीत. कादंबरीतला राक्षस चांगला बोलका. चित्रपटात दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी त्याला मुका ठेवला. बोलायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी.

एक प्रसंग पाहा. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला न भिता फुलं देते. दोघं ती पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. मुलगीही तरंगेल, असं वाटून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो घाबरून पळतो. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉरनं नेमका मुलीला पाण्यात टाकण्याचा तुकडा कापला. मग प्रेक्षकांना काय दिसलं? राक्षसाचे पुढं आलेले हात आणि नंतर बापाच्या हातांवरचं लेकरू. अजाणतेपणानं झालेली चूक क्रूरपणा ठरली! कापलेला भाग परत जोडला गेला तो १९८०च्या दशकात.

पुराणातल्या भस्मासुराला वर मिळाला होता. या जिवाला मिळाला अंधार, साखळदंड आणि पेटती मशाल. घडवणाऱ्यानं त्याला चार गोष्टी शिकवल्या असत्या, तर? शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मुलं काय उत्तर देतात, ते ऐकण्यासारखं असेल.