एका राजाची अनेक नाकं

वणीची सप्तशृंगी ज्या घरांची कुलस्वामिनी, त्यांच्या देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक असतो. सोनार पातळ पत्रा ठशावर धरतो आणि ठोकून मूर्ती उठवतो. ठशाचा टवका उडालेला असला, तर ती खोट त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक टाकावर दिसतो. भाऊ वेगळे झाले, टाक दोन गावांना गेले, तरी शेजारी ठेवले की ते एका ठशाचे आहेत की नाहीत ते कळतं. नाण्याची कुळी ओळखायची रीत याच जातीची. फक्त नाण्याला ठसे दोन, छाप्याचा आणि काट्याचा, त्यामुळे सोयरीक जरा गुंत्याची.

खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला. हातोडा थेट वरच्यावर पडतो, म्हणून बहुधा तोच आधी फुटतो. ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते. ती वाढत गेलेली दिसली की कोणतं नाणं आधीचं, कोणतं नंतरचं, तेही सांगता येतं. अमेरिकेच्या सुरुवातीच्या अर्ध्या डॉलरांवर तारे आणि अक्षरं ठशात एकेक करून ठोकलेली असत, त्यामुळे दरवेळी जागा थोडी सरके. अल ओव्हरटन यांनी १७९४ ते १८३६ पर्यंतच्या अशा जाती १९६७ मध्ये पुस्तकात लावून दिल्या. संग्राहक अजून त्यांच्याच क्रमांकांनी नाणं सांगतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हा खेळ त्याहून कितीतरी जुना आहे. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. एका बाजूला राजाचं मुख आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत नाव. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि ते चक्रावले. नाव एकच, चेहरे मात्र कुणी तरुण कुणी म्हातारा, कुणाचं नाक बाकदार कुणाचं सरळ. घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांनी नहपानाचं नाव ठेवून आपापले चेहरे छापले असावेत, असा त्यांचा तर्क.

मला तो पटत नाही. एवढी नाणी म्हणजे ठसे पुष्कळ, आणि ते कोरणारे हातही पुष्कळ. प्रत्येकाने राजाला पाहिलं होतं थोडंच! समोरच्या नाण्यावरून नवा ठसा कोरला की नाक बदलणारच. ग्रीक मजकुराची तर आणखी गंमत. ती अक्षरं प्राकृत शब्द लिहायला वापरलेली, कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. म्हणून ती हळूहळू नुसत्या रेघोट्या होत गेली. नेमक्या त्या चुकाच ठसा ओळखायला उपयोगी पडतात. शुद्धलेखन बरोबर असतं, तर दोन ठसे वेगळे करणं कठीण गेलं असतं.

ही नाणी बाजारात खेळलेली होती. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेणीतल्या लेखात गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवल्याची नोंद केली आहे. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. ते कार्षापण म्हणजे हीच नाणी असावीत.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आला. नहपानाची नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी त्याने त्यांच्यावरच आपले ठसे ठोकले: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती स्वतःचं नाव, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह. जोगळटेंभीच्या साठ्यातली दोन तृतीयांशांहून जास्त नाणी अशी पुन्हा ठोकलेली आहेत. घाई असेल, काटकसर असेल. जिंकल्याची दवंडी तर होतीच. आता अशा नाण्यावर चार ठसे वाचायचे, दोन वरचे आणि दोन खालचे.

पांडवलेणीतच सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख आहे. मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं तो सांगतो. नाणं हातात घेऊन उजेडात तिरकं धरलं, तर डोंगराच्या कमानीखाली पराभूत राजाचा कान आणि नाकाचा शेंडा अजून दिसतो. नाक बाकदार की सरळ, तेही पाहता येतं.