कोल्हापूरचे पहिले प्लास्टिक

प्लास्टिक कुजत नाही, हे वाक्य आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. कोल्हापूरकरांनी मात्र ते जरा जपून म्हणावे. आपल्याकडे प्लास्टिक आले ते कॅरीबॅगच्या कितीतरी आधी, सिनेमाच्या रिळांतून. सेल्युलॉइड म्हणजे कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून केलेले जगातले एक आद्य प्लास्टिक.

बाबूराव पेंटर यांनी इथेच, या गावात, कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ चा ‘सावकारी पाश’ तर कर्जाने जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. झोपडीबाहेर रडणाऱ्या कुत्र्याचे दृश्य पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक. तो मूकपट आज उरलेला नाही.

मूकपट गेले कुठे? काही आगीत गेले, काहींच्या रिळांतली चांदी काढून घेतली गेली. पण पुष्कळसे डब्यात बंद असतानाच संपले. या सेल्युलॉइडमधून नायट्रोजनचे वायू सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे पुन्हा नायट्रिक आम्ल होते आणि ते आम्ल त्याच फितीला खाऊ लागते. चित्र फिके पडते, फीत चिकट होते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. जणू घरातलाच सावकार! पुढे आलेल्या ॲसिटेट फितीतून ॲसिटिक आम्ल सुटते. डबा उघडला की व्हिनेगारचा वास येतो.

उष्णता, दमट हवा आणि प्रकाश यांनी हे सारे वेग घेते. उन्हात पडलेल्या पिशवीचेही तेच. हवाई बेटांवरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिनमधून मिथेन आणि इथिलीन सुटते; एकदा सुरुवात झाली की अंधारातही ते थांबत नाही. इथिलीन म्हणजे केळी पिकवतात तोच वायू. मिथेन मात्र पृथ्वी तापवतो. पिशवीचे तुकडे निदान डोळ्यांना दिसतात, वायूंचा हिशेब कोण ठेवणार?

रिळांसाठी थंड, कोरडी, अंधारी खोली हाच उपाय. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तोवर मूकपटांना चाळीस वर्षे होत आली होती. २००३ मध्ये तिथल्या जुन्या नायट्रेट रिळांना आग लागून शेकडो चित्रपट गेले. बाबूरावांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’चे काही तुकडे मात्र अजून पाहायला मिळतात.