बिरुदाआधी शिस्तपीठ

दरवर्षी १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, अभियंत्यांच्या व्यासपीठावरून एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. सनदी लेखापालांना १९४९चा कायदा आहे, वकिलांना १९६१चा, वास्तुविशारदांना १९७२चा. अभियंते तेवढे उघड्यावर. कायदा करा, नावाआधी लावायला बिरुद द्या, म्हणजे मान मिळेल.

यातली माहिती खरी, निष्कर्ष मात्र टिकत नाही. वास्तुविशारदांचा कायदा बिरुद राखतो, पण ते काम करायला इतरांना मज्जाव करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेला तर कायद्याचे भक्कम कवच होते. तरी भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर २०१०मध्ये तिचा कारभार सरकारला काढून घ्यावा लागला आणि अखेर २०२०मध्ये तिच्या जागी नवा आयोग आला. कायद्याने परिषद उभी राहते. पत तिची तिलाच कमवावी लागते.

ती कशी कमावतात? १९३७मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वायुगळतीने स्फोट झाला, सुमारे ३०० जण दगावले, त्यांत बहुतेक मुले. त्याच वर्षी तिथे अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, तो लोकांचे जीव राखण्यासाठी. १९८१मध्ये कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलातले टांगते पूल कोसळून ११४ माणसे गेली. जबाबदार अभियंत्यांना मिसूरी राज्यातले परवाने गमवावे लागले. सही हिरावली जाऊ शकते, म्हणूनच तिला वजन असते.

आपल्याकडे २०१९मध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल पडला. त्याचे स्ट्रक्चरल ऑडिट आधीच झाले होते. पोलिसांनी ऑडिटरला अटक केली. पण खटला गुन्हा ठरवतो. कामातली कसूर पारखणे हे समव्यवसायींचे काम. १९२०पासूनची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स फार तर सभासदत्व काढू शकते, व्यवसाय थांबवू शकत नाही. 'महापालिकांचे परवाने आहेतच की,' असे कुणी म्हणेल. पण एका शहराने परवाना रद्द केला तर दुसऱ्या शहराने तो मानलाच पाहिजे, अशी देशव्यापी व्यवस्था कुठे आहे?

म्हणून कायदा हवाच, पण त्याची सुरुवात बिरुदापासून नको. पूल, धरण, इमारत, बॉयलर अशा कामांत ज्यांच्या सहीवर जीव टांगलेले असतात त्या अभियंत्यांपुरती नोंदणी सक्तीची करा. संगणकापुढे बसणाऱ्या प्रत्येक पदवीधराला त्यात ओढू नका. कसूर पारखून नोंदणी काढून घेऊ शकणारे शिस्तपीठ नेमा, त्यावर निम्मे सदस्य व्यवसायाबाहेरचे घ्या, आणि निकाल नावानिशी जाहीर करा. एवढे मान्य असेल, तर बिरुदाची मागणी पुढच्या १५ सप्टेंबरला खुशाल करावी.