हंटिंग मारणारं इंजिन आणि गव्हर्नरची जुनी गोष्ट

जुना ट्रॅक्टर रिकामा उभा असताना रेस आपोआप वर जाते, खाली येते, परत वर जाते. मेकॅनिक म्हणतो हंटिंग मारतंय, पंप खोलावा लागेल. पंप खोलला की बिल आलंच. म्हणून आधी ही गोष्ट वाचा, कारण हा आजार ट्रॅक्टरपेक्षा जुना आहे.

गव्हर्नर मुळात पिठाच्या चक्कीतला. इंग्लंडात पवनचक्कीवर वारा वाढला की दोन दगडांमधलं अंतर सांभाळायला फिरती वजनं लावायचे. 1787 ला थॉमस मीड यांनी त्याचं पेटंट घेतलं. 1788 ला बोल्टन यांनी लंडनच्या अल्बियन मिलमध्ये तशी वजनं बघितली आणि आपले भागीदार जेम्स वॅट यांना कळवलं. वॅटनी ती वाफेच्या इंजिनावर बसवली. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटते. पीठ दळणाऱ्यांची युक्ती, नाव झालं वॅटचं.

पण गव्हर्नर आला तसं हंटिंगपण आलं. ग्रीनिचचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांची दुर्बीण ताऱ्यामागे सावकाश फिरायला हवी, ती गव्हर्नरपायी पिसाटल्यागत पळायची. त्यांनी 1840 ला त्यावर लिहिलं. मग 1868 ला मॅक्सवेल यांनी गणित मांडलं, की वेगात झालेला बिघाड एकतर हळूहळू विरतो, नाहीतर प्रत्येक फेरीला वाढत जातो. आपल्या भाषेत सांगतो. नवशिका गाडीवान कासरा उशिरा ओढतो, आणि मग जास्तच ओढतो. गाडी सापासारखी चालते. बैलात खोट नसते, उशीर कासऱ्यात असतो.

आता फोर्डसन मेजर घ्या. 1952 पासून इंग्लंडात डॅगनहॅमला बनलेला, 3.6 लिटरचं डिझेल इंजिन, सिम्स कंपनीचा पंप. याच्या गव्हर्नरला वजनंच नाहीत. हवा आत जाते त्या तोंडाशी एक झडप, तिथून बारीक नळी पंपाच्या मागे, आणि तिथे चामड्याचा पडदा. इंजिन पळालं की ओढ वाढते, पडदा मागे खेचला जातो, डिझेल कमी होतं. उलट बाजूने स्प्रिंग डिझेल वाढवायला ढकलत असते. नळीचा नट ढिला, चामडं वाळून चिरलं, किंवा वर्षभर उभ्या ट्रॅक्टरच्या पंपातला रॅक चिकटला, की कासरा उशिरा ओढला जातो.

आधी कान लावा. ठरावीक तालात वरखाली होत असेल तर संशय गव्हर्नरवर. ताल नसेल, मधेच अडखळत असेल, तर आधी डिझेल लाईनची एअर काढा आणि फिल्टर बघा.

पडद्याची परीक्षा फुकट होते. इंजिन बंद ठेवून पंपाकडची नळी सोडा. बंद करायचा लिव्हर पूर्ण दाबा, नळीच्या भोकावर बोट घट्ट ठेवा, मग लिव्हर सोडा. रॅक थोडा येऊन थबकला आणि पुढे सावकाश सरकला तर चामडं ठीक. झटक्यात पूर्ण परत आला तर चामडं गेलं. बोट काढल्यावरही रॅक अडखळतच येत असेल तर तो चिकटलाय. एवढं बघितल्याशिवाय स्क्रू फिरवू नका. रेस वाढवून हंटिंग दबलेलं वाटतं, जात नाही.

आणि चालू इंजिनावर ही नळी कधीच काढायची नाही. ओढ संपली की स्प्रिंग एकटी उरते आणि डिझेल पूर्ण उघडतं. इंजिन बेफाम पळतं, फुटूसुद्धा शकतं. चालू असताना नळी तुटलीच तर लगेच बंद करायची दांडी ओढा. तिने ऐकलं नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबा, हात नाही.