दोघांनी बसावे कोठे?

बडोद्याचे राजवाडे, ग्रंथालये आणि सक्तीचे शिक्षण यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. पतिपत्नीला घटकाभर एकत्र बसता येईल अशी रम्य जागा या नगरीने केव्हा दिली, हा प्रश्न त्यामानाने क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

रावपुरा, दांडिया बाजार येथील आपले जुने वाडे आठवावेत. माजघर स्त्रियांचे, ओसरी पुरुषांची आणि मधल्या चौकात सदैव कोणीतरी वावरणारे. वडीलधाऱ्यांदेखत पतीशी दोन शब्द बोलणे हाही मर्यादाभंगच. सृष्टिसौंदर्याची वाण नव्हती; कार्तिकात आवळीभोजन होई, नर्मदास्नानास चांदोद होते, देवीच्या दर्शनास पावागड होता. परंतु वनभोजन सबंध गोतावळ्याचे आणि यात्रा देवाची. दोघांनीच निघावे, असे निमित्त कोठले?

ते पुरविले विश्वामित्रीकाठच्या सार्वजनिक बागेने. १८७९ साली सिद्ध झालेल्या या उद्यानाचे अधिकृत नाव सयाजीबाग, आपल्या तोंडी मात्र कमाटी बाग. तिचे सारे श्रेय आपण सयाजीराव महाराजांना देऊन मोकळे होतो. १८६३ साली जन्मलेले महाराज तेव्हा अल्पवयीन होते. राज्याधिकार त्यांना १८८१ च्या डिसेंबरात मिळाले. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता, हे विसरू नये. महाराजांनी पुढे या आरंभाला जे वैभव आणले, ते अर्थातच निराळे. लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल १८९३ साली बडोद्यास आले. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

इंग्लंडातील सार्वजनिक उद्यानांची कल्पनाच मुळी अशी की, सभ्य स्त्रीपुरुषांनी चारचौघांच्या नजरेसमोर फिरावे. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या अर्थाने उपयोगी पडली. सुनेला एकांतात नेणे अशक्य होते; बँडस्टँड, पदार्थसंग्रहालय किंवा वाघ दाखवावयास नेणे शक्य होते. सोबत धाकटा दीर दिला जाई खरा, पण पिंजऱ्यापाशी तो रमला की बाक मोकळाच! गर्दी हेच तेथील संरक्षण होते.

ही जोडपी किती कोवळी असत, हेही ध्यानी घ्यावे. १९०४ च्या बडोदे संस्थानच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने वधूचे किमान वय १२ आणि वराचे १६ ठरविले, आणि तेवढेदेखील त्या काळी धाडसाचे होते. महाराणी दुसऱ्या चिमणाबाईंनी पुढे पडदा टाकला; १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. राणीच उघड्यावर आल्यावर वाड्यातल्या सासूबाईंना फार ताणता येईना, असा आमचा तर्क आहे. मराठी प्रेमकवितेला नवे वळण देणारे माधव ज्यूलियन १८९४ साली याच शहरात जन्मले, हा निव्वळ योगायोग. तरी तो सुखावणारा आहे.

दुसरी जागा आजव्याची. १८८५ साली सुरू झालेली ही पाणीयोजना १८९२ मध्ये पुरी झाली. तो तलाव तहानेसाठी बांधला, सहलीसाठी नव्हे. शहरापासून पाच-सहा कोस असल्याने तो खऱ्या अर्थाने दोघांचा झाला तो स्वतःचे वाहन दाराशी आल्यावर. पुढे तेथे म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर कारंजी झाली. आम्हांस कारंज्यांपेक्षा बांधावरचा वारा अधिक प्रिय.

नदीकाठाविषयी मात्र सावध राहावे. विश्वामित्रीत मगरींची वस्ती आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टातील महापुरात पाणी कमाटी बागेतही शिरले. शतकापूर्वी प्रश्न होता लोकांच्या नजरेचा; आज शहराने नदीला किती जागा ठेवली, हा आहे. ज्या काठाच्या आधाराने ही बाग फुलली, तोच भरावाने आवळत गेला तर बसावयाचे कोठे?

तूर्त आमची पसंती मार्गशीर्षातल्या सकाळीची, बँडस्टँडच्या आसपासच्या एखाद्या जुन्या झाडाखाली. डब्यात दशम्या आणि लीलो चेवडो असावा. नातवंडांस आगगाडीत बसवून द्यावे; तिची फेरी संपेपर्यंत बराच वेळ मिळतो.