भाग ३८ : पुणतांबा, कर्जमाफी आणि ‘नाही’ म्हणायची पद्धत

हा भाग कानाने ऐकण्याऐवजी वाचताय ना, मग चहा घेऊन बसा. आज इतिहास आहे, पण फार जुना नाही. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील.

सुरुवात माझ्या ऑफिसपासून करतो. मी नगरचा, नोकरी पुण्यात. काम काय, तर कर्जाला कोण पात्र हे ठरवणारं सॉफ्टवेअर. त्याला रूल्स इंजिन म्हणतात. नियम एका बाजूला लिहून ठेवायचे, माणसाची माहिती आत टाकायची, बाहेर निकाल येतो. गेल्या महिन्यात टीममध्ये वाद झाला. अर्ज एका नियमावर अडकला की तिथेच थांबून ‘अपात्र’ सांगायचं? की सगळे नियम तपासून अडलेली प्रत्येक गोष्ट सांगायची? पहिलं वेगवान, दुसरं जरा खर्चिक. सगळे म्हणाले, पहिलंच करू. मला मात्र आपला जिल्हा आठवला.

राहाता तालुक्यातलं पुणतांबा. गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे, तेच गाव. १ जून २०१७ ला इथून शेतकरी संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहराकडे जाणं थांबलं. २४ जूनला सरकारने कर्जमाफी जाहीर केली, ३४,०२२ कोटी रुपयांची, दीड लाखापर्यंत. नाव छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना.

आता खरी गोष्ट सुरू होते. पैसे जाहीर करणं सोपं, पण कुणाला द्यायचे? नियम बघा. कर्ज १ एप्रिल २००९ नंतरचं हवं, ३० जून २०१६ ला थकलेलं हवं. आयकर भरणारे बाद, बहुतेक सरकारी नोकरदार बाद. आणि मोजायचं कुटुंब धरून : नवरा, बायको, अठरा वर्षांखालची मुलं. म्हणजे दोघांच्या नावावर दीड-दीड लाख थकलेले असले तरी घराला मिळून दीडच लाख.

शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकेने आपली माहिती पाठवायची, कॉम्प्युटरने दोन्ही जुळवायचं. जुळलं की नाव ‘ग्रीन लिस्ट’मध्ये. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला पहिली प्रमाणपत्रं वाटली. पण माहितीचा मेळ बसेना, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. जुळलं नाही ते तालुका समितीकडे. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकवर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात हो!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नियम चुकीचे असणं वेगळं आणि नियम बरोबर असून निकाल नीट न सांगणं वेगळं. ‘यादीत नाव नाही’ एवढंच कळलं तर माणूस काय करणार? आधार दुरुस्त करायचं, बँकेत जायचं, की कर्जच बसत नाही म्हणून गप्प बसायचं? एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

मग दुसरा प्रयत्न आला. डिसेंबर २०१९, महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. या वेळी क्रमच उलटा केला. अर्ज नाही. बँकांनी खाती आधी पाठवली, यादी गावात लागली, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा, रक्कम बघायची. पटली तर पुढे, नाही पटली तर तक्रार समितीकडे. म्हणजे निकाल पक्का होण्याआधी माणसाला दाखवला. २४ फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या यादीत राज्यातली ६८ गावं होती. आपल्या जिल्ह्यातली दोन, राहुरीतलं ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातलं जखणगाव. आधी थोड्या गावांत चालवून बघायचं, मग सगळीकडे. आमच्या धंद्यातही हेच करतात. आणि कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी धरला.

पण एक कडा राहिलीच. २०१७ ला दीड लाखाच्या वर थकबाकी असेल, तर वरचे पैसे भरा आणि दीड लाख माफ करून घ्या, अशी सोय होती. एक लाख साठ हजार असतील तर दहा हजार भरायचे. २०१९ ला मुद्दल-व्याज मिळून दोन लाख ही हद्द. खात्यावर दोन लाख पाचशे झाले की त्या खात्याला शून्य. म्हणजे पाचशे रुपयांच्या व्याजाने दोन लाखांची माफी हुकली. नियम तोच ‘मर्यादा’, पण एका ठिकाणी उतार, दुसऱ्या ठिकाणी थेट कडेलोट.

तर ऑफिसमध्ये मी हेच सांगितलं. आमच्याकडे याला तांत्रिक नावं आहेत : पहिला जुळला की थांबा, किंवा जुळलेले सगळे गोळा करा. पण समोर बसलेल्याच्या दृष्टीने प्रश्न एकच आहे, ‘मी आता काय करू?’ शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. माणसाला बदलता येणार नाही असा नियम आडवा आला, तर लगेच थांबायचं आणि स्पष्ट सांगायचं. दुरुस्त करता येण्यासारखं असेल, तर सगळी कारणं एकदम द्यायची. आज स्पेलिंग, उद्या सही, परवा फोटो, असं हप्त्याहप्त्याने नाही.

वेग थोडा कमी झाला. पण एक हेलपाटा वाचला, तर मला ते चालतं.

तुमच्या घरी २०१७ चा तो अर्ज कुणी भरला होता, आणि उत्तर काय आलं होतं? आजोबांना, वडिलांना विचारा. व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू मंडळी, रामराम!